फाईलला न लागणारा कागद: दवाखान्यात राबणाऱ्यांच्या थकव्यावर रंगांचा उपाय, पायरी पायरीने

आधीच सांगते, मी थेरपिस्ट नाही. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, १७ वर्षं झाली, आणि शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत नापास झालेली आहे. गेली साडेतीन वर्षं आम्ही काहीजणी एका ट्रेन्ड आर्ट थेरपिस्ट (चित्र-रंगांतून मनावर उपचार करणाऱ्या) ताईंच्या मदतीने वॉर्डच्या मागच्या खोलीत बुधवारी कागद-रंग घेऊन बसतो. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी विचारतात की नेमकं काय करता, सामान काय लागतं, परवानगी कशी काढली, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. हॉस्पिटलमध्ये आपण हातात घेतो तो प्रत्येक कागद कोणीतरी तपासणार असतो. केसपेपर, इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचं रजिस्टर, सगळ्यावर सही, वेळ, आणि चुकलं तर मेमो. तर या बुधवारच्या खोलीतला कागद हा अख्ख्या हॉस्पिटलातला एकच कागद असा पाहिजे जो फाईलला लागत नाही, कोणी बघत नाही, त्यावर कोणाची सही नाही. खाली जे काही सांगणारेय ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे, आणि जिथे आम्ही ही गोष्ट विसरलो तिथे आमचं फसलंय.

आधी बघा, हा नुसता थकवा आहे की बर्नआउट

डबल ड्युटी केली, दोन दिवस झोपून काढले आणि बरं वाटलं, तर तो थकवा. बर्नआउटचं तसं नसतं. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेवर पहिल्यांदा नीट लिहिलं, आणि पुढे क्रिस्टिना मॅस्लाक बाईंनी ती मोजायची प्रश्नावली केली, १९८१ मध्ये. त्यात तीन गोष्टी बघतात, त्या मी आपल्या वॉर्डच्या भाषेत सांगते. पहिली, आतून रिकामं वाटणं, म्हणजे ड्युटी सुरू व्हायच्या आधीच ड्युटी संपल्यासारखं वाटतं. दुसरी, माणूस दिसेनासा होणं. पेशंटचं नाव जातं आणि "१४ नंबर बेड सारखा बेल वाजवतोय" एवढंच उरतं, नातेवाईकाने साधा प्रश्न विचारला तरी डोकं फिरतं. तिसरी, आपल्या कामाने काही फरकच पडत नाही असं वाटणं. या तिन्ही गोष्टी महिनोन्महिने चालू असतील तर सुट्टीने भागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजारांच्या नव्या यादीत जागा दिली पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न संपणाऱ्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. हे वाक्य पाठ करून ठेवा, परवानगी मागायला जाल तेव्हा कामी येईल. त्याचा अर्थ असा की दोष सिस्टरच्या "कमकुवत मना"चा नाही, कामाच्या रचनेचा आहे. आणि त्याचाच दुसरा अर्थ असा की रंगाच्या डब्याने स्टाफची भरती होत नाही. ४० पेशंटमागे दोन सिस्टर असतील तर त्यासाठी युनियनचं पत्रच लागतं, आणि एखादं मॅनेजमेंट पत्राचं उत्तर म्हणून तुमच्या हातात तेलखडू देत असेल तर खडू घ्या पण पत्र मागे घेऊ नका.

रंगांनी होतं काय

आर्ट थेरपी हा शब्दच मुळात एका पेशंटने काढलाय. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार टीबी होऊन सॅनेटोरियममध्ये पडला होता, पडल्या पडल्या चित्रं काढायचा, मग बाकीच्या पेशंटना शिकवायला लागला, आणि १९४२ मध्ये त्याने याला हे नाव दिलं.

अलीकडचं बोलायचं तर २०१६ मध्ये अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज काहीही करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसोल उतरलं. यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ज्यांना चित्रकला येत होती आणि ज्यांना अजिबात येत नव्हती त्यांच्यात खास फरक नव्हता, म्हणजे आम्हा एलिमेंटरी नापासवाल्यांना पण चान्स आहे. पण राहिलेल्या २५ टक्क्यांत काहींचं कॉर्टिसोल वाढलं सुद्धा, हेही लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे. कोलोरॅडोमध्ये तर खास आरोग्य कर्मचाऱ्यांवरच ट्रायल झाली, आठवड्यातून दीड तास, असे १२ आठवडे, कोणाला चित्रकला, कोणाला संगीत, कोणाला नृत्य, कोणाला लेखन. २०२२ मध्ये निकाल छापून आला आणि त्यात ताण आणि बर्नआउट दोन्ही कमी झालेले दिसले. म्हणजे एका दिवसाच्या नर्सेस डेच्या कार्यक्रमाने काही होत नाही, आठवडे जावे लागतात.

पायरी १: माणसं

आठ ते दहाजणी, त्याच्या वर नको. मावशी, वॉर्डबॉय मामा, लॅबवाले, रेसिडेंट डॉक्टर, सगळ्यांना घ्या पण एक नियम ठेवा, ज्याच्या सहीवर दुसऱ्याची रजा अवलंबून आहे ती दोघं एका गटात नकोत. इन-चार्ज सिस्टर शेजारी बसलेली असताना कोणतीही ज्युनिअर मनातलं काढणार नाही, ती फुलंच काढेल, सुंदर फुलं. आमच्या मेट्रन मॅडमना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, हे सांगायला मला दोन आठवडे धीर होत नव्हता, शेवटी त्यांच्यासाठी आणि बाकी इन-चार्जसाठी वेगळा गट केला आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त रडारड त्याच गटात झाली.

सक्ती अजिबात करायची नाही. ऑर्डर काढून बोलावलं की ती अजून एक ड्युटी होते.

पायरी २: थेरपिस्ट

स्वतःहून रंगवत बसणं आणि आर्ट थेरपी यात फरक आहे, पहिल्याला कोणाची परवानगी लागत नाही, दुसऱ्याला शिकलेला माणूस लागतो. चित्र काढता काढता आतलं काय वर येईल सांगता येत नाही. २०२० मधलं कोविड वॉर्डातलं काहीतरी अचानक समोर येतं आणि मग समोरची बाई थांबत नाही, अशा वेळी काय करायचं ते ट्रेन्ड माणसालाच कळतं. म्हणून निदान पहिले सहा-आठ बुधवार आणि नंतर महिन्यातून एकदा तरी थेरपिस्ट हवाच.

विचारताना लाजू नका. आर्ट थेरपीचं शिक्षण कुठे घेतलं, किती काळाचा कोर्स होता, दोन दिवसांचा वर्कशॉप होता का, तुमचं काम कोण सुपरवाइज करतं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का. जो पहिल्याच भेटीत "चित्र बघून मी माणूस ओळखतो" म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा. बजेट नसेल तर आपल्याच हॉस्पिटलच्या सायकियाट्री (मनोविकार) विभागात जाऊन विचारा, तिथल्या सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिक सोशल वर्कर मदत करतात, निदान काही झालं तर पाठवायचं कुठे ते तरी ठरतं.

पायरी ३: वेळ आणि खोली

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. ड्युटीनंतर ठेवाल तर कोणी येणार नाही, कारण अर्धा स्टाफ बदलापूर, टिटवाळा, नालासोपाऱ्याला राहतो आणि ती एक ठरलेली लोकल सुटली की पुढच्या गाडीत चढायला मिळत नाही, घरी मुलं वाट बघतायत. त्यामुळे वेळ ड्युटीतूनच काढायला लागते. आम्ही दुपारची, सकाळच्या सिस्टर सुटायच्या आणि दुपारच्या यायच्या मधली वेळ धरली, तेव्हा वॉर्डात दोन्ही शिफ्टची माणसं असतात. ओव्हर (पेशंटची माहिती पुढच्या शिफ्टला) देऊन झाली की चारजणी आत, बाकी बाहेर, पुढच्या बुधवारी उलट. ४५ मिनिटं, घड्याळ लावून. लेखी परवानगी मागताना "आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, एका वेळी चारजणी, वॉर्ड रिकामा राहणार नाही" असं सरळ लिहा, लांबलचक प्रस्ताव कोणी वाचत नाही.

खोलीला आतून कडी पाहिजे, टेबल पाहिजे, बेसिन पाहिजे. मोबाईल बाहेर, कोड ब्लूसाठी (पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबल्याचा इमर्जन्सी कॉल) बाहेरच्या सिस्टरने दार ठोठवायचं. आमची खोली जुनं लिननचं स्टोअर होतं, अजूनही फिनाईलचा वास येतो.

पायरी ४: सामान

महागडं काही नको. तेलखडू, स्केचपेन, जाड कार्ट्रिज पेपर, कात्री-डिंक, जुनी मासिकं, आणि शाडू माती. कागद आणि रंग क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला घाऊक भावात मिळतात. मेडिकल रेप देतात त्या कॅलेंडरांची मागची कोरी बाजू पण झकास चालते (कालनिर्णयची नाही, त्याच्या मागे लेख छापलेले असतात आणि मग सगळ्याजणी रेसिपी वाचत बसतात). शाडू गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळच्या कारखान्यांकडून घेऊन ठेवा आणि हवाबंद डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळा.

आपल्या कामामुळे काही गोष्टी टाळा. चमकी नको, ती युनिफॉर्मला चिकटून वॉर्डात जाते. कोरडी रांगोळी आयसीयूच्या जवळपास नको, धूळ उडते. तेलखडू नखात अडकतो म्हणून परत पेशंटला हात लावायच्या आधी साबणाने नीट धुवा, नुसतं सॅनिटायझर चोळून रंग जात नाही. काहीजणींच्या हाताला भेगा असतात सॅनिटायझरने, अशांना माती झोंबते, त्यांना खडू द्या.

पायरी ५: पहिले चार बुधवार

पहिल्या बुधवारी फक्त गिचमिड. मोठा कागद, खडू डाव्या हातात (डावखुऱ्या असाल तर उजव्या), डोळे मिटायचे आणि मिनिटभर हात फिरवायचा. मग डोळे उघडून त्या जाळ्यात जी मोकळी जागा दिसेल ती रंगाने भरत जायचं. डाव्या हाताची युक्ती यासाठी की त्या हाताने कोणाचंच चांगलं येत नाही, मग "मला येत नाही" म्हणायला जागाच उरत नाही. पहिल्या दिवशी सगळ्या खिदळतात. खिदळू द्या.

दुसऱ्या बुधवारी ड्युटीची रेघ. कागद आडवा धरायचा, डावं टोक म्हणजे हॉस्पिटलच्या गेटातून आत आल्याची वेळ, उजवं टोक म्हणजे सुटण्याची, आणि मध्ये एकच रेघ खडू न उचलता. जिथे धावपळ तिथे रेघ काय करते, जिथे जेवायला पाच मिनिटं मिळाली तिथे काय करते, रंग बदलावासा वाटला तर बदला. ईसीजी बघून बघून आपले डोळे रेघा वाचायला तयार असतातच. आमच्यातल्या एका मावशींनी पूर्ण रेघ सपाट काढली आणि फक्त एका ठिकाणी छोटा उंचवटा. मी विचारणार होते, थेरपिस्ट ताईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. पाच मिनिटांनी मावशी स्वतःच म्हणाल्या, "तिथं एका म्हातारीने मला नावाने हाक मारली." २२ वर्षं नोकरी झालीय त्यांची आणि सगळे मावशी म्हणतात, नाव कोणाला माहीतच नाही, मला पण नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी गोल. ताट पालथं घालून गोल आखायचा आणि आत मधून बाहेर भरत जायचं, ठिपके, पाकळ्या, चौकोन, काहीही परत परत येणारं. २००५ साली एका प्रयोगात दिसलं की असे ठरावीक नक्षीचे गोल रंगवणाऱ्यांची धास्ती कोरा कागद मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाली. डोकं भणभणत असताना कोरा कागद म्हणजे अजून एक निर्णय, आणि दिवसभर निर्णयच तर घेत असतो आपण. आपल्याकडे तर ठिपक्यांची रांगोळी हातातच आहे, १५ ते ८ ठिपके कागदावर मांडा आणि जोडत बसा. नाईटनंतर सकाळी मेंदूचा लगदा झालेला असतो तेव्हा हेच द्या, दुसरं काही देऊ नका.

चौथ्या बुधवारी माती. हे मी शब्दात नीट सांगू शकत नाही. दिवसभर आपले हात ग्लोव्हजमध्ये असतात, जे धरायचं ते निर्जंतुक, हळू, जपून. मातीला बुक्की मारता येते. काही बनवलंच पाहिजे असं नाही, शेवटी परत गोळा करून डब्यात. एका रेसिडेंट मुलाने पूर्ण ४५ मिनिटं नुसतं मळलं, शेवटी म्हणाला चपात्या लाटून दिल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर तो झोपला ती त्याची त्या आठवड्यातली पहिली झोप होती असं नंतर कळलं.

त्यापुढे मग कोलाज, वारलीसारख्या साध्या आकारांची माणसं (त्रिकोण, गोल आणि रेघ, एवढ्यात अख्खा वॉर्ड काढता येतो), शरीराची बाह्यरेषा काढून थकवा कुठे बसलाय तिथे रंग, असं बरंच आहे. गेलेल्या पेशंटबद्दलचं चित्र मात्र थेरपिस्ट खोलीत असल्याशिवाय कधीच काढायला सांगू नका. कधीच म्हणजे कधीच.

४५ मिनिटांची विभागणी

पहिली पाच मिनिटं हात धुणं, बसणं, तीन-चार लांब श्वास. मग २५ मिनिटं काम, गप्प राहून. गाणी लावायची तर शब्द नसलेली, नाहीतर अर्ध्याजणी गुणगुणतात आणि बाकीच्यांना राग येतो. मग दहा मिनिटं ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, आणि बोलायचं ते स्वतःच्या कागदाबद्दलच. शेवटची पाच मिनिटं आवरणं, परत हात धुणं, खिडकीबाहेर बघून दिसणाऱ्या पाच वस्तू मनात मोजणं. हे शेवटचं वगळू नका. आतलं उघडं ठेवून थेट सलाईन लावायला गेलं की हात थरथरतो.

दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ लावणं बंद. काळा रंग म्हणजे डिप्रेशन, झाडाला मुळं नाहीत म्हणजे असुरक्षित, हे जे मोबाईलवर फिरतं ते सगळं बाजूला ठेवा, काळा खडू कदाचित तेवढाच टोकदार उरलेला असेल. "छान काढलंय" पण म्हणायचं नाही, कारण छान म्हटलं की पुढच्या वेळी ती छान काढायला लागते. त्याऐवजी "इथे खूप जोर लावलेला दिसतोय" असं दिसतं ते बोला आणि गप्प बसा.

पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काही कागदावर नको. फोटो नको, स्टेटस नको, वॉर्डच्या ग्रुपवर तर नकोच.

आमचं फसलं ते

पहिल्या वर्षी वरच्या एका साहेबांना हे फार आवडलं. त्यांनी बॅनर छापला, हॉलमध्ये स्पर्धा ठेवली, पहिला-दुसरा-तिसरा नंबर, फोटोग्राफर, समोसे. ज्या सिस्टरने महिनाभर गिचमिड करून पहिल्यांदा मोकळं बोलायला सुरुवात केली होती तिचा कागद विचारल्याशिवाय भिंतीवर लावला गेला. ती पुन्हा आली नाही. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. आता परवानगीच्या पत्रातच पहिली ओळ असते की प्रदर्शन, स्पर्धा, फोटो काही होणार नाही.

कोणी कोसळलं तर

रडू आलं तर पाणी द्या, शेजारी बसा, कागद उलटा करून ठेवा. "कारण काय" विचारू नका. पाय जमिनीला टेकव, हातातला खडू कसा लागतो सांग, थंड आहे का, असं इथे आणि आत्ता परत आणा. आधी म्हटलं ना, काहींचं कॉर्टिसोल वाढतं, अशांना चित्र जमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्यांना गाणं, चालणं, दुसरं काही सूट होत असेल.

आणि झोप पूर्ण गेलीय, ड्युटीवर यायला दारू किंवा वॉर्डातल्या गोळ्या लागतायत, जगावंसं वाटत नाही असं कोणी बोललं किंवा नुसतं सुचवलं तरी, तर हे रंगांचं काम नाही. त्याच दिवशी सायकियाट्री ओपीडीत सोबत घेऊन जा, एकटीला पाठवू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. खोलीच्या दारावर आतून तो चिकटवून ठेवा.

फरक पडतोय का ते कसं कळणार

मॅनेजमेंट आकडे मागतंच. चित्रं द्यायची नाहीत. चिठ्ठीवर नाव न लिहिता, आत येताना आणि जाताना ० ते १० मध्ये ताण किती तो आकडा लिहून डब्यात टाकायचा, आपण पेशंटला दुखणं किती विचारतो तसंच. महिन्याचा सरासरी आकडा द्या, बास. तीन महिन्यांनी थेरपिस्टकडून बर्नआउटची रीतसर प्रश्नावली भरून घ्या.

एकटीने करायचं असेल तर

गट जमला नाही तरी चालतं. खिशात मावेल अशी कोरी वही आणि एक पेन्सिल. परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली (म्हणजे मिळाली तर!) की दोन स्टेशनांमध्ये एक चौकोन भरायचा, पुढच्या दोनमध्ये पुढचा. गाडीच्या धक्क्याने रेघ हलते ती हलू द्या. घरी पोचायच्या आधी वही बंद, घरात उघडायची नाही, कारण घरातले लगेच "दाखव काय काढलंस" म्हणतात.

राहिला प्रश्न कागदांचं काय करायचं. ज्याचा त्याने ठरवायचं, घरी न्यायचा, फाडायचा, नाहीतर नाव न घातलेल्या लखोट्यात बंद करून कपाटात. आम्ही सहा महिन्यांनी कपाट रिकामं करतो आणि कोणी मागितले नाहीत ते कागद पाण्यात भिजवून लगदा करतो. कपाटाला कुलूप हवंच, आणि चावी ऑफिसात ठेवू नका, नाईटवालीला रात्री तीनला वही-खडू लागला तर ऑफिस बंद असतं. आमच्याकडे ती त्या मावशींकडे असते, सपाट रेघेवाल्या. शेवंताबाई म्हणून हाक मारली की देतात.